शंभर ग्रॅम सरकी

१९०१ साली जपानमधील रेशीम उत्पादक एका विचित्र रोगाने हैराण झाले होते. सकाळी तुतीचा पाला फस्त करणाऱ्या अळ्या काही तासांत मलूल होत, गळून पडत आणि काळवंडत. शिगेताने इशिवाता या संशोधकांनी मेलेल्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, तेव्हा त्यांच्या शरीरात काडीच्या आकाराचा एक जिवाणू सापडला. आज बीड जिल्ह्यात तुती लावून कोष काढणारे शेतकरी पुष्कळ आहेत. शेडमधली एक बॅच हातची जाणे म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागत नाही. इशिवातांपुढचा प्रश्नही तेवढाच होता: अळी वाचवायची कशी? अळी मारण्यासाठी हा जिवाणू उपयोगी पडेल, असा विचारही तेव्हा कोणाच्या मनात नव्हता.

दहा वर्षांनी, १९११ मध्ये, जर्मनीतील थुरिंजिया प्रांताच्या एका पीठगिरणीतील मेलेल्या अळ्या अर्न्स्ट बर्लिनर यांच्या टेबलावर आल्या. इशिवातांच्या कामाची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनाही तोच जिवाणू सापडला आणि गिरणीच्या प्रांतावरून त्याचे नाव पडले, बॅसिलस थुरिन्जिएन्सिस. आपल्याकडे कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ज्याला 'बीटी' म्हणतात, ते हेच नाव आखडून झालेले आहे. फ्रान्समध्ये १९३८ साली या जिवाणूची भुकटी कीटकनाशक म्हणून विक्रीला आली. १९५३ मध्ये हॅने यांनी जिवाणूतील एका स्फटिकाकडे लक्ष वेधले, आणि पुढच्याच वर्षी कॅनडातील अँगस यांनी रेशीम अळ्यांवर प्रयोग करून खरा मारेकरी तो स्फटिकच असल्याचे दाखवून दिले. स्फटिक अळीच्या पोटात विरघळतो, आतड्याला भोके पाडतो आणि अळीचे खाणे थांबते. माणसाच्या पोटात तो काहीच करीत नाही.

एवढे हाती असूनही शोध अडला. भुकटी फवारली की उन्हाने तिचा जोर जाई, पावसाने ती धुऊन निघे. बोंडअळीचा तर प्रकारच निराळा. ती अंड्यातून निघते आणि थोड्याच अवधीत बोंड पोखरून आत शिरते. मग बाहेर काहीही फवारा, तिला त्याचे सोयरसुतक नसते. विष बोंडाच्या आत पोचवायचे कसे, हे कोणालाही सुचत नव्हते.

इकडे मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत दुसरेच नाट्य घडत होते. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस काढला आणि कापसाची शेती पार बदलून गेली. पुढे नांदेडच्या केंद्रातून आलेला 'एनएचएच-४४' हा संकर मराठवाड्यात घरोघरी पोचला. गोदाकाठच्या गेवराई-माजलगावपासून बालाघाटच्या पायथ्यापर्यंत पीक वाढले, तशी बोंडअळीही माजली. ऐंशीच्या दशकात पायरेथ्रॉइड गटातील नवी औषधे आली तेव्हा सुटलो असे वाटले होते. १९८७ च्या हंगामात आंध्रच्या गुंटूर भागात अमेरिकन बोंडअळीने ती पचवली आणि शेतेच्या शेते बसली. नव्वदच्या दशकात देशाच्या लागवडीखालील जमिनीपैकी जेमतेम पाच टक्के कापसाखाली होती, पण देशात खपणाऱ्या कीटकनाशकांपैकी सुमारे निम्मी तिच्यावर पडत. पाठीवर पंप, नाकाला रुमाल, आणि दहा दिवसांनी पुन्हा तीच फवारणी. दुकानदाराची उधारी कापूस विकला की फेडायची. अळीने कापूसच ठेवला नाही तर फेडायची कशातून?

अडलेला शोध सुटण्याची वाट एका न्यायालयातून गेली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या आनंद मोहन चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञांनी तेल खाणारा जिवाणू तयार केला होता. जिवंत वस्तूवर पेटंट देता येत नाही, असे म्हणून अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने त्यांना नकार दिला. १६ जून १९८० रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्तींच्या बाजूने कौल दिला. एका मताचा फरक! त्या दिवसापासून सजीवावर काही वर्षांपुरती मक्तेदारी मिळण्याची वाट खुली झाली आणि प्रयोगशाळांत पैसा ओतणारे पुढे सरसावले. मक्तेदारीच्या लोभाशिवाय धाडसी शोधावर कोणी पैसा लावत नाही, असे अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पीटर यांनी १९४२ मध्येच सांगून ठेवले होते. त्यांच्या या विधानाची परीक्षा आता शेतात व्हायची होती.

१९८१ मध्ये सिॲटलच्या विद्यापीठात श्नेफ आणि व्हाइटली यांनी स्फटिक घडवणारे जनुक जिवाणूतून वेगळे काढले. १९८७ मध्ये बेल्जियममधील गेंट येथील शास्त्रज्ञांनी ते तंबाखूच्या रोपात घातले. रोप जगले, अळ्या मेल्या. पण तंबाखूवरची नाजूक अळी मरणे वेगळे आणि कापसावरची दांडगी अळी मरणे वेगळे. मूळ जनुक रोपात शिरत होते, कामाला मात्र लागत नव्हते. पानात प्रथिन उतरे ते नखभर. सेंट लुईसच्या मोन्सॅन्टो कंपनीतही हेच अपयश पुन्हा पुन्हा वाट्याला येत होते.

तिथल्या फ्रेड पर्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटून पाहिला. रोप या जनुकाला विरोध करीत नसून त्याला ते वाचताच येत नसावे, असा त्यांचा तर्क होता. मोडीतला दस्तऐवज वाचता येत नाही म्हणून तो बाळबोधीत उतरवून घ्यावा, तसे त्यांनी जनुक नव्याने लिहिले. मजकूर तोच, प्रथिनही तेच, फक्त अक्षरे वनस्पतीच्या वळणाची. रोपांमधले विष शंभर पटींपर्यंत वाढले! १९९० मध्ये त्यांनी कापसावरचा निकाल प्रसिद्ध केला. अळ्यांनी पाने कुरतडली आणि त्या मेल्या. रेशीमघरात सुरू झालेला नव्वद वर्षांचा प्रवास कापसाच्या पानापर्यंत पोचला होता.

१९९६ मध्ये अमेरिकेत हे बियाणे विक्रीला आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात टेक्ससमध्ये बोंडअळीने त्याच शेतांवर हल्ला चढवला. कंपनीच्या शेअरचा भाव कोसळला. काही शेतकऱ्यांना जुनी औषधे पुन्हा काढावी लागली. तरीही हंगामाअखेर पीक उभे राहिले.

त्याच वर्षी गोदावरीच्या पलीकडच्या तीरावर, जालन्यात, शंभर ग्रॅम सरकी उतरली. बीड जिल्ह्यातून गोदावरी ओलांडली की जालना जिल्हा लागतो. तिथे बद्रीनारायण बारवाले यांनी साठच्या दशकात भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून १९६४ मध्ये 'महिको' ही कंपनी उभी केली होती. याच कामासाठी १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सरकारच्या परवानगीने आलेली ती सरकी 'कोकर-३१२' या अमेरिकन वाणाची होती. प्रयोगशाळेत पेशीपासून रोप उगवण्यात हेच वाण हुकमी होते, पण आपल्या मातीत ते टिकणारे नव्हते. मग देशी संकरांच्या मातृवाणांशी त्याचा पिढ्यान् पिढ्या संकर करीत जनुक तेवढे उचलायचे आणि बाकीचा अमेरिकन अंश गाळायचा, हे चिकाटीचे काम सुरू झाले. कापसाच्या फुलातील पुंकेसर नखाने खुडायचे, कळीला ओळखीची खूण बांधायची, दुसऱ्या सकाळी परागकण लावायचे. एका वेळी एकच फूल. प्रयोगशाळेत लाखो डॉलर लागले, पण शेवटचा टप्पा शेतमजूर बायांच्या बोटांवर पडला.

१९९८ मध्ये नऊ राज्यांत चाळीस ठिकाणी चाचण्या झाल्या. त्याच वर्षी मोन्सॅन्टोने महिकोचा २६ टक्के हिस्सा घेतला आणि दोघांची मिळून 'महिको मोन्सॅन्टो बायोटेक' उभी राहिली. बातमी फुटताच गदारोळ उडाला. नोव्हेंबरमध्ये कर्नाटकात प्राध्यापक नंजुंडस्वामींच्या रयत संघाने मोन्सॅन्टोचे दहन पुकारले आणि चाचणीची शेते पेटवली. हे बियाणे म्हणे वांझ आहे, शेजारचे पीकही वांझ करील, अशी अफवा गावोगाव पसरली. तीन वर्षे कागद या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरले. जून २००१ मध्ये केंद्राच्या मंजुरी समितीने आणखी एक हंगाम चाचण्या घ्या असे सांगितले. महिकोच्या लोकांनी कपाळाला हात लावला असणार.

आणि तेव्हाच एका अपघाताने सगळे चित्र पालटले. त्या वर्षी गुजरातेत बोंडअळीचा कहर झाला. शेते काळीठिक्कर पडली, पण काही शेते मात्र हिरवीगार राहिली. हे कसे, म्हणून तपास केला तेव्हा आढळले की 'नवभारत-१५१' नावाच्या एका संकरात ते जनुक आधीच होते. हजारो एकरांवर विनापरवाना बीटी उभे होते. समितीने पीक जाळण्याचा आदेश दिला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि पीक जळायच्या आत कापूस बाजारात पोचला. जे कायद्याने मिळत नव्हते ते चोरवाटेने मिळाले होते आणि उपयोगीही ठरले होते. २६ मार्च २००२ रोजी महिकोच्या तीन संकरांना मंजुरी मिळाली.

या मंजुरीने बियाण्यात मक्तेदारी आली, पण मराठवाड्याला मक्तेदारी नवखी नव्हती. १९७१ च्या कायद्याने आलेल्या कापूस एकाधिकार खरेदीत शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, असा दंडक होता. बाजार पडला की ही योजना हमीभावाचा आधार देई, बाजार चढला की पायातली बेडी ठरे. केंद्राबाहेर बैलगाड्यांच्या रांगा लागत आणि पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. बाहेर भाव चढला की रात्री कापूस राज्याच्या सीमेपार जाई. तीस वर्षे चाललेली ही योजना ढिली पडली आणि खासगी व्यापाऱ्यांना दार उघडले ते साधारण २००२ च्याच सुमारास. एक मक्तेदारी विक्रीच्या टोकाला संपत होती, तेव्हा दुसरी पेरणीच्या टोकाला सुरू होत होती. या दुसरीने मात्र असे काहीतरी आणले होते जे आधी बाजारातच नव्हते. सरकारी योजनेने नवा शोध आणला नव्हता, असलेल्या कापसाची वाटणी केली होती. दोन मक्तेदाऱ्यांची तुलना करताना मला हाच फरक सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

किंमत मात्र डोळे पांढरे करणारी होती. ४५० ग्रॅमची बॅग सुमारे सोळाशे रुपयांना, साध्या संकराच्या तिप्पट-चौपट. त्यातले साडेबाराशेच्या आसपास नुसते जनुकाचे भाडे. गंमत अशी की भारतात या पहिल्या जनुकावर पेटंट नव्हतेच. मक्तेदारी उभी होती ती दुसऱ्याच दोन खांबांवर: मंजुरीसाठी लागणारा वेळ आणि पैसा दुसऱ्या कोणाकडे नव्हता, आणि संकरित बियाणे असल्याने घरची सरकी पेरून चालत नव्हते, दर जूनला दुकान गाठावेच लागे.

शेतकऱ्यांनी कुरकुरत घेतले, पण घेतले. एका गोष्टीने मक्तेदारी सुसह्य झाली: कंपनीने जनुक स्वतःच्या संकरांपुरते न ठेवता शुल्क घेऊन इतर बियाणे कंपन्यांना दिले. महिकोचे पहिले संकर काही भागांत साफ फसले होते, आंध्रात तर २००५ मध्ये त्यांची परवानगीही पुढे वाढवली गेली नाही. पण तोवर इतरांचे सरस संकर आले होते. जनुक एकाचे, संकर चाळीसहून अधिक कंपन्यांचे. दुकानात खरी चढाओढ सुरू झाली.

मग २००६ उजाडले. आंध्र सरकारच्या तक्रारीवर मक्तेदारी आयोगाने मे महिन्यात भाडे कमी करण्याचा आदेश दिला. आंध्रने बॅगेची किंमत ७५० रुपयांवर आणली, इतर राज्यांनीही तीच वाट धरली. महाराष्ट्राने पुढे २००९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. २००६ मध्येच दोन प्रतिस्पर्धी जनुकांना मंजुरी मिळाली, एक खरगपूरच्या आयआयटीत घडलेले आणि दुसरे औरंगाबादच्या नाथ सीड्सने चीनमधून आणलेले. आणि त्याच २००६ मध्ये कंपनीने दोन विषे असलेले 'बोलगार्ड-टू' भारतात उतरवले. मानगुटीवर आयोग आणि समोर प्रतिस्पर्धी, अशी दुहेरी टाच आल्यावर मक्तेदाराने आपला पुढचा, अधिक चांगला माल बाजारात आणला. माझ्या मते बीडच्या कापूसवाल्याला मक्तेदारीचा खरा फायदा झाला तो या काही वर्षांत. भाडे उतरले होते तरी शून्य नव्हते, संकर भरपूर होते आणि अळी हटली होती.

२००१-०२ मध्ये देशात १५८ लाख गाठी कापूस झाला होता. २०१३-१४ मध्ये तो ३९८ लाखांवर गेला. त्यात गुजरातचे बंधारे, नवी कीटकनाशके, वाढलेले क्षेत्र यांचाही मोठा वाटा आहे आणि सगळे श्रेय जनुकाला देणारे आकडे फुगवतात. महाराष्ट्रासह चार राज्यांतील शेतकऱ्यांचा २००२ ते २००८ असा मागोवा घेऊन काठागे आणि काइम यांनी एकरी उत्पादनात २४ टक्के आणि नफ्यात ५० टक्के वाढ दाखवली. केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये वीस वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा कीटकनाशकांवरचा खर्च बीटीपूर्व काळाहूनही वर गेला असल्याचे निघाले. दोन्ही अभ्यास खरे असू शकतात. पहिला चांगल्या वर्षांचा आहे, दुसऱ्यात पुढची वाईट वर्षेही मोजली आहेत.

सरकारी संशोधकांनीही मक्तेदारी फोडून पाहिली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाने 'बिकानेरी नरमा बीटी' हे सरळ वाण आणले. त्याची सरकी शेतकऱ्याला घरी राखून पेरता आली असती. २००९ मध्ये ते विक्रीला आले आणि त्याच वर्षी मागे घ्यावे लागले, कारण त्यात मोन्सॅन्टोचेच जनुक मिसळलेले आढळले. चौकशीला तीन वर्षे लागली. एका चांगल्या हेतूचा असा विचका झाला.

मग गुलाबी अळी आली. तिने एकच विष असलेले पहिले बोलगार्ड पचवल्याची कबुली कंपनीने २०१० मध्ये दिली होती, गुजरातेतील चार जिल्ह्यांपुरती. काही वर्षांत दुसरे बोलगार्डही तिच्यापुढे टिकेना. २०१७ च्या हंगामात ती बीडसह मराठवाडा-विदर्भात शेतोशेती पसरली. फूल नीट उमलत नाही, पाकळ्या गुलाबासारख्या मिटून राहतात. अशा डोमकळीला अंगठ्याने फाकवले की आत सुतासारखी अळी दिसते. बोंड वरून तुकतुकीत, फोडले की आत डागाळलेली कवडी. वेचणीला मजूर लावावा तर मजुरीही निघेना. अनेकांनी उभ्या पिकात रोटाव्हेटर घातला.

दोष एकट्या कंपनीचा नव्हता. अळी लवकर निर्ढावू नये म्हणून प्रत्येक बॅगेत १२० ग्रॅम साध्या सरकीची पुडी येई, ती कडेने लावायची. लावली किती जणांनी? पुडी बांधावर पडे. वेचणी संपल्यावर फरदड ठेवून मार्च-एप्रिलपर्यंत अळीला खाऊ घालण्याची सवयही आपलीच. अमेरिकेने बीटी कापूस, कडक शिस्त आणि वांझ पतंग यांच्या जोरावर २०१८ मध्ये गुलाबी अळीचे निर्मूलन जाहीर केले. जनुक दोन्हीकडे सारखेच होते.

एव्हाना इकडे लंबक दुसऱ्या टोकाला गेला होता. २०१६ मध्ये केंद्राने बॅगेमागचे जनुकाचे भाडे १६३ रुपयांवरून ४९ वर आणले, मग ३९, मग २०. २०१६ मध्येच तणनाशक सोसणाऱ्या पुढच्या वाणाचा अर्जच मागे घेण्यात आला. सुरुवातीचे साडेबाराशे रुपये हा अधाशीपणा होता. २० रुपये हा त्याच्या उलट टोकाचा कद्रूपणा झाला, असे मला वाटते. पुढचा शोध इथे आणण्याचे कारण कोणाला उरले नाही. मग आले ते चोरबीटी, म्हणजे तणनाशक सोसणारे विनापरवाना बियाणे. जून २०१९ मध्ये अकोल्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला. हे बियाणे बिलाशिवाय आणि हमीशिवाय विकले जाते. त्यात नेमके काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि उगवले नाही तर तक्रार कोणाकडे करायची?

बोलगार्ड-टूवरचे भारतीय पेटंट २०१९ मध्ये संपले आणि २०२० च्या हंगामापासून भाडे शून्य झाले. त्या हंगामात बॅग ७३० रुपयांना मिळे. कृषी विभाग आता कामगंध सापळे लावा, डोमकळ्या वेचून नष्ट करा, फरदड ठेवू नका, असे सांगत गावोगाव फिरतो. माजलगावच्या दुकानात मृगाआधी शेतकरी बॅग मागतो, तेव्हा बिलावर त्याला जे मिळते ते जनुक २००६ मध्ये मंजूर झालेलेच आहे. २००९ नंतर कापसाच्या एकाही नव्या जनुकाला या देशात लागवडीची परवानगी मिळालेली नाही.